चुंबळीवरचा तांब्या

आमच्या घरात पहिली गाडी घ्यायचं ठरलं, तेव्हा दुकानातल्या विक्रेत्याकडे मी तांब्याभर पाणी मागितलं. त्याने अदबीने थंड पाण्याची बाटली पुढे केली. म्हटलं, "प्यायला नको. उघड्या भांड्यात द्या, काठोकाठ भरून. गाडीत ठेवायचंय."

नवरा लगेच भिंतीवरची चित्रं बघायला लागला. इतक्या वर्षांत माझ्याजवळून कधी सरकायचं ते त्याला बरोबर कळायला लागलंय.

तांब्या काही मिळाला नाही, स्टीलचा पेला मिळाला. मी ओढणीला पीळ देऊन तिचं वेटोळं केलं. डोक्यावर हंडा घेताना बायका चुंबळ करतात, तसं. ती चुंबळ मागच्या सीटपुढे खाली ठेवली, तिच्यावर पेला बसवला आणि त्या मुलाला म्हटलं, चला, गोदामाच्या मागे डांबर उखडलंय तिथून एक फेरी मारून आणा. परत आलो तोवर पेला अर्धा झाला होता आणि नव्या गाडीची नवी चटई ओली.

"मॅडम, ह्याचं सस्पेन्शन थोडं कडक असतं, स्पोर्टी. वळणावर गाडी झुकत नाही."

"मी मुरबाडकडची आहे. वळणाचं मला नका सांगू, खड्ड्याचं सांगा."

ती गाडी आम्ही घेतली नाही. दुसरी, दिसायला साधी, जाड टायरांची घेतली. घरी येताना नवरा म्हणाला, "तुझे बारकूकाका आज असते तर त्या पोराला रडवलं असतं त्यांनी." मी म्हटलं, रडवलं नसतं. गाडीखाली झोपून पाटे दाखवले असते आणि चहा पाजला असता. एवढं बोलले आणि खिडकीबाहेर बघत बसले. काही माणसं गेल्यावर त्यांची आठवण देवळात येते, सणाला येते. बारकूकाकांची मला रस्ता खराब लागला की येते, आणि आमच्या भागात रस्ता खराब लागायला फार वाट बघावी लागत नाही.

मी कॉलेजात होते तेव्हा, म्हणजे नव्वदच्या दशकात, सरळगावहून किन्हवलीमार्गे शहापूरला जायला एसटी होती, पण ती तिच्या मर्जीने यायची. बाकी सगळा कारभार जीपांचा. त्या जीपांतली एक बारकूकाकांची. नाव बारकू, पण माणूस आडवा, छातीने भरलेला, उंचीला मात्र माझ्याएवढाच. पायात चप्पल नसायची. गाडी चालवताना अनवाणी. "चपलीतून रस्ता कळत नाय," म्हणायचे. सकाळी जीप काढण्याआधी चारही टायरांना वाकवलेल्या बोटाने टकटक करायचे, कान लावायचे, मग अंगठ्याने बाजू दाबून बघायचे. आमची आई म्हणायची, फणस घेताना लोक एवढं बघत नाहीत.

हॉर्न ते वाजवत नसत. पुढे म्हैस आडवी बसली असेल तर उतरून तिला उठवायचे. खड्ड्यांना त्यांनी नावं दिली होती. किन्हवलीच्या पुढे एक मोठा होता, त्याचं नाव सरपंच. का, तर दर पावसाळ्यात पुन्हा निवडून येतो. मोरीजवळ दोन शेजारी शेजारी होते, त्या सासूसुना. एकीला चुकवलं की दुसरी धरायची. नवा माणूस जीपमध्ये बसला की त्याला कळायचं नाही की सगळे मध्येच "सरपंच आला" म्हणून दांडी का धरतात.

दुसरे जीपवाले अठरा माणसं भरायचे. मागच्या फळीवर, टपावर, ड्रायव्हरच्या उजव्या अंगालासुद्धा. बारकूकाका अकरा झाली की निघायचे. एवढा भार पेलायला बाकीच्यांनी मागच्या पाट्यांत एकेक जादा पाटा घातलेला असायचा. पाटे म्हणजे चाकाच्या वर एकावर एक बांधलेल्या लोखंडी पट्ट्यांची कमान, सगळ्या जीपचं वजन त्यांच्यावर. जादा पाटा घातला की गाडी बसत नाही, पण वाकतही नाही, आणि खड्डा सरळ माणसाच्या कण्यात जातो. काकांनी जादा पाटा तर काढून घराच्या ओटीला टेकवून ठेवला होताच, वर मूळच्यातलाही एक काढला होता. "गाडी इंजनावर धावते रे," ते बाकीच्यांना सांगायचे, "पन माणूस पाट्यावर बसतो." बाकीचे हसायचे. शहापूरच्या नाक्यावर त्यांना 'पालखीवाला' म्हणायचे.

ओटीला टेकवलेला तो जादा पाटा त्यांनी कधी भंगारात दिला नाही. त्याची गोष्ट मला चांगुणाकाकीने सांगितली. चांगुणाकाकी म्हणजे त्यांची बायको.

मी कॉलेजात जायच्या आधीची गोष्ट. तेव्हा काकाही अठराच भरायचे. एकदा लग्नाला जाताना काकी मागच्या फळीवर बसली होती. मोरीवर जीप आदळली, काकी फळीवरून वर उडाली आणि त्याच फळीवर परत बसली. एवढंच झालं. रक्त नाही, काही नाही. पण उठता येईना. ठाण्याच्या डॉक्टरने फोटो काढला, मणका दबलाय म्हणाला. पट्टा दिला. चाला, फिरा, भाकऱ्या करा, पण धक्का नको. एसटी नाही, जीप नाही, बैलगाडी तर नाहीच. त्या दिवशी घरी आल्यावर काकांनी गाडीखाली शिरून तो पाटा सोडवला आणि ओटीला लावून ठेवला, येताजाता दिसेल असा.

काकीचं माहेर वैशाखरे. सरळगावहून माळशेजच्या रस्त्याने जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर. पाऊस संपून हवा धुतल्यासारखी झाली की त्यांच्या अंगणातून नाणेघाटाचा तो सुळका दिसतो, नानाचा अंगठा म्हणतात तो. त्याच्या पायथ्याला तिचं गाव. काकी उन्हात डाळ घालायला बाहेर यायची आणि तिकडे बघून म्हणायची, "आय आता चुलीपुढं असंल." आधी तिची आई एसटीने येऊन जायची. मग म्हातारी गुडघ्यांनी बसली, डोळ्यांनीही अधू झाली. ही जाऊ शकत नाही, ती येऊ शकत नाही. मध्ये तेवढाच रस्ता. भाऊ म्हणाले, डोली करून नेतो, चौघं उचलतो. काकी म्हणाली, "जिवंतपनी मला खांद्यावर नाय जायचं."

काकांनी तांब्या काढला.

तो पितळेचा तांब्या जीपमध्ये पुढच्या सीटमागे चुंबळीवर बसवलेला असायचा, काठोकाठ भरून. सरळगावला भरायचा, शहापूरला बघायचा किती उरला. उरायचा पाव. मग कधी टायरातली हवा थोडी कमी करून बघायचे, कधी मागचे शॉकअप बदलून, कधी पाट्यांत वंगण घालून. पुन्हा तांब्या. अर्धा उरला की स्वारी खूश. पोटुशी बाई दवाखान्यात न्यायची असली की आजूबाजूच्या वाड्यापाड्यांतून बारकूकाकांनाच निरोप यायचा. पण ती सगळी वरची कमाई. तांब्या कोणासाठी आहे ते आम्हा रोजच्या माणसांना ठाऊक होतं.

आमच्या बुद्धवाड्यातली बी.ए. झालेली पहिली मुलगी मी. मुलगी कसली, पहिलं माणूसच. हे मी कुठेही सांगते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. बाबा वीटभट्टीवर होते. पहिल्या वर्षी एकदा किन्हवलीला तांब्या कलंडला, तेव्हा काका मला म्हणाले, "शोभे, उतर, हापशावरून भरून आन, आन बसव नीट चुंबळीवर." मी भरून आणला. जीपमध्ये एक म्हातारे गृहस्थ होते, गावातले मानाचे. ते म्हणाले, "बारकू, पाण्याचा तांब्या कोनाच्या हातात देतोस रे?"

काकांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "जिचा हात हलत नाय तिच्या. तुमचा हलतो आबा, म्हनून तुमाला नाय सांगितला."

जीप हसली. आबाही जरा उशिराने हसले, दुसरं करणार काय. शहापूरला उतरल्यावर काकांनी उरलेलं पाणी उभ्या उभ्या तिथेच पिऊन टाकलं, सगळ्यांपुढे. मी हे घरी सांगितलं नाही. पण वर्गात त्या दिवसापासून मी पुढच्या बाकावर बसायला लागले.

तांब्या बसवायचं काम मग माझंच झालं. सुरुवातीला सरपंच आला की माझ्याने राहवायचं नाही, मी पटकन तांब्या उचलून हातात धरायची. काका ओरडायचे. "हातात नको धरू. हातात धरलास का पानी सांडत नाय, कारन धक्का तू खातेस. तुझा खांदा खातो, तुझी कंबर खाते. मला तांब्याला बसलेला धक्का बघायचा हाय." त्या वयात मला ती गाडीची गोष्ट वाटली होती.

बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशी, आयुष्यात हॉर्न न वाजवणारा हा माणूस नाक्यापासून आमच्या वाड्यापर्यंत हॉर्न दाबून धरून आला. लोकांना वाटलं, ब्रेक गेले.

पुढे मी शाळेत लागले, शहापूरच्या बाजूलाच. जीपांचे दिवसही सरत आले. काकांनी जीप विकली आणि मुंबईच्या एका शेठच्या गाडीवर शनिवार-रविवार ड्रायव्हर म्हणून राहिले. शेठचं टोकावड्याजवळ फार्महाऊस होतं. गाडी परदेशी, काळी, आत बसलं की बाहेरचा आवाज बंद. काकांनी पहिल्याच दिवशी डिकी उघडून बघितली आणि चक्रावले. स्टेपनी नव्हती.

"शेठ, पंक्चर झाली तर?"

"होऊ दे. ही टायर हवा गेली तरी चालतात."

आणि खरंच चालली. एकदा टोकावड्याला खिळा घुसला, हवा पूर्ण गेली, आणि गाडी हळूहळू का होईना थेट कल्याणपर्यंत गेली. काकांनी ती गोष्ट मला निदान चार वेळा सांगितली असेल. दरवेळी शेवटी म्हणायचे, "हवेबिगर. शोभे, हवेबिगर." त्यांच्या डोक्यात काय चालू होतं ते मला दिसत होतं. एवढी किमती गाडी, एवढी अक्कल लावलेली टायर, गादीसारखी सीट. दहा वर्षं पाटे काढून घालून जे जमलं नाही ते इथे आयतं तयार होतं.

शेठ माणूस बरा. काकांनी घाबरत घाबरत विचारलं तर म्हणाला, "घेऊन जा बायकोला, त्यात काय."

वैशाखऱ्याला निरोप गेला. काकीने डाळिंबी लुगडं काढलं, ते घडीवर पिवळं पडलं होतं. आईसाठी पापड, कुरडया, गुळाची ढेप. रविवार असल्यामुळे मी निरोप द्यायला गेले होते. आळीतल्या बायका जमल्या. काकी मागे बसली, तांब्या तिच्या पायाशी चुंबळीवर, आणि गाडी आळीतून निघाली. आम्ही हात हलवत होतो. गावाबाहेर कच्चा तुकडा आहे, मोरीपर्यंत. गाडी तिथे गेली, थांबली. बराच वेळ थांबली. मग तशीच उलटी, मागे मागे येत अंगणात आली.

दार उघडलं. काकी घामाने भिजली होती. चुंबळ चिंब, तांब्यात तळाला चार बोटं पाणी.

एवढ्या माणसांपुढे काका खाली बसले. टायरची बाजू अंगठ्याने दाबली. पुन्हा दाबली. मग दोन्ही अंगठ्यांनी. "दबतच नाय," म्हणाले. नंतर चहा पिताना त्यांनी मला समजावलं, जणू मीच ती गाडी बनवली होती. "हवा गेली तरी बसू नये म्हनून ह्याची बाजूच लाकडासारखी केलीय. आता जे बसत नाय ते दबत नाय. जे दबत नाय ते धक्का गिळत नाय, वर पाठवतं. वर पाठवलं तर कमानीनं घ्यावं, तर शेठच्या पोरानं कमानपन कडक घेतलीय, जोरात वळता यावं म्हनून. खाली दगूड, वर दगूड, मधी माजी बायको." मग जरा वेळाने, "आपन हवेवर चालतो गो. हवेबिगर चालनाऱ्या गाडीत बसवली मी तिला. माझीच अक्कल."

काकी आतून म्हणाली, "पापड बायकांना वाटून टाक शोभे. राहिले तर वास लागंल."

शेठची कंबरही ती गाडी घेतल्यापासून दुखत होती. तो सीटला दोष द्यायचा. काकांनी त्याला साधी टायर बसवायला लावली आणि डिकीत स्टेपनी टाकायला लावली. शेठ म्हणाला, "मग पंक्चर झाली तर रस्त्यात थांबावं लागेल." काका म्हणाले, "थांबू. बदलायला मी हाय ना." शेठची कंबरदुखी निम्म्यावर आली. पण काकांनी काकीला त्या गाडीत पुन्हा बसवलं नाही.

त्यानंतर त्यांनी कल्याणहून एक मोडीत निघालेली जुनी टॅक्सी ओढत आणली. फुगीर, उंच छताची, पत्र्याला भोकं पडलेली. दोन वर्षं ती अंगणात ठोकळ्यांवर उभी होती. इंजिनाकडे त्यांनी शेवटी बघितलं. आधी खालची कमान, मऊ पाटे, नवे शॉकअप, सांध्यांतली रबरं, उंच बाजूची साधी टायर. मागची सीट उसवून त्यात जुन्या गाद्यांचा कापूस आणि काथ्या थरांनी भरला. गावातली पोरंटोरं नाही, मोठी माणसं विचारायची, "बारकू, ताजमहाल कधी पुरा होनार?" ते पत्र्याखालून उत्तर द्यायचे, "मी जितीसाठी बांधतोय रे. वेळ लागतो." आत काकी भाकरी थापत असायची, तिचा हात एक क्षण थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. एकदाच मला म्हणाली, "ह्याला कसं सांगू, मला गाडी नको. मला फक्त एकदा आयच्या तोंडावरून हात फिरवायचाय."

त्या थंडीत भात झोडून झाल्यावर एका रविवारी ते निघाले. बरोबर मला घेतलं. "तू मागं बस, तिला धरायला," काका म्हणाले. आरसा त्यांनी खाली वळवून मागच्या सीटवर नेमका लावून घेतला, म्हणजे रस्त्यापेक्षा त्यांना काकीच जास्त दिसत होती. तांब्या आमच्या पायाशी.

एवढ्या हळू गाडी चालवता येते हे मला तोवर माहीत नव्हतं. सायकलवाले पुढे जात होते. सरळगावच्या पुढे एक ओळखीचा जीपवाला शेजारी आला आणि म्हणाला, "काय बारकूदादा, मयताला चाललास का?"

"नाय रे, वरात हाय. नवरी मागं बसलीय, बघ."

काकी खळखळून हसली. पदर तोंडाला लावून, नव्या नवरीसारखी. टोकावड्यापर्यंत तांब्यातलं पाणी नुसतं थरथरत होतं, काठाबाहेर एक ओघळ आला असेल. काका आरशातून तांब्याकडे बघायचे, मग तिच्याकडे. मला वाटलं, जिंकला हा माणूस.

टोकावड्याच्या पुढे रस्ता खणला होता. रुंदीकरण की काय ते चाललं होतं, नुसती खडी अंथरलेली, बाजूने काढून दिलेला कच्चा वळसा. ते काकांना ठाऊक नव्हतं. गाडी खडीवर चढली. मऊ गाडी, तीसुद्धा किती गिळणार. पाणी काठावरून उसळलं. काकीने माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की तिच्या बांगडीचा वळ पुढे दोन दिवस होता. मग ती हळूच म्हणाली, "दे गो तो तांब्या माझ्याकडं."

"काकी, खाली असू दे. हातात धरल्यावर त्यांना कसं कळणार?"

"म्हनूनच दे."

मी दिला. तिने तो दोन्ही हातांत धरला, पोटाशी. खडी संपेपर्यंत, आणि पुढे गावापर्यंत. एकेक धक्का खालून यायचा, तिच्या कंबरेत शिरायचा, मानेची शीर ताठ व्हायची, ओठ दाताखाली जायचा, आणि तांब्यातलं पाणी आरशासारखं स्थिर. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण आवाज नाही. मी काकांना थांबवणार होते. तिने नुसती मान हलवली.

वैशाखऱ्याला गाडी अंगणात थांबली. काका उतरून मागे आले, तांब्यात डोकावले. "सांडलं नाय," म्हणाले. "शोभे, पुढं काय सांडलंच नाय."

"नाय सांडलं," काकी म्हणाली. "लोन्यासारखी आली तुझी गाडी."

म्हातारीला धरून ओटीवर आणलं. तिला दिसत नव्हतं. काकीला वाकता येत नव्हतं, म्हणून म्हातारीलाच उंच पाटावर उभी केली. दोघी कितीतरी वेळ एकमेकींच्या तोंडावरून हात फिरवत होत्या, आंधळ्या दोघी असल्यासारख्या. मग म्हातारी त्याच तांब्यातलं पाणी प्यायली आणि म्हणाली, "चांगुना, तुझ्या विहिरीचं पानी गोड हाय गो."

आतल्या खोलीत पट्टा सोडायला मी काकीबरोबर गेले. पाठ सुजली होती. ती भिंतीला कपाळ टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "शोभे, मी आता परत त्या रस्त्यानं जायची नाय. मला नाय जमायचं. पन त्याला सांगू नको. दहा-बारा वर्सं घातलीन त्यानं. त्याला कळलं तर तो पाटा जन्मभर ओटीलाच लावून ठेवंल."

मी शब्द दिला. बाहेर येऊन काकी सगळ्यांना म्हणाली, आय थकलीय, महिनाभर राहते. महिन्याचे चार झाले. पुढच्या वर्षी म्हातारी लेकीच्या मांडीवर गेली. मग भावाची बायको एकटी, तिला मदत. मग आणखी काही. काकी वैशाखऱ्यालाच राहिली. काकांची इकडे भातशेती, दोन म्हशी. ते शनिवारी जायचे, सोमवारी यायचे. ज्या माणसाने एवढ्या वर्षांत बायकोला माहेरी नेण्याची गाडी बांधली, त्याचं घर त्या गाडीने रिकामं केलं. लोक चेष्टा करायचे, "ताजमहाल बांधला नि बेगम पळाली." काका हसायचे. आणि मी, जिला सगळं ठाऊक होतं, त्यांना रस्त्यात दिसले की काहीतरी कामाचं बोलून सटकायची.

शेवटचे भेटले तो एक शनिवार. मी मुरबाडहून आले होते, सरळगावच्या नाक्यावर उभी होते. ती फुगीर टॅक्सी आली आणि थांबली. "बस, तुझ्या फाट्यापर्यंत सोडतो." केस पूर्ण पांढरे, पाय तसेच अनवाणी. मी पुढे बसले. मागे सीटपुढे चुंबळीवर तांब्या होता, काठोकाठ.

"अजून तांब्या ठेवता काका? आता तर मागे कोणी नसतं."

"तिला आपल्या विहिरीचं पानी लागतं. आठवड्यातून एक तांब्या नेतो."

खडीचा रस्ता केव्हाच डांबरी झाला होता. मी म्हटलं, आता रस्ता चांगला झालाय, काकीला एकदा आणून बघा की घरी. माझाच आवाज मला खोटा वाटला.

काकांनी गिअर बदलला. मग म्हणाले, "तू तेव्हा मला काय सांगितला नायस, ते बरं केलंस."

मी वळून त्यांच्याकडे बघितलं.

"तांब्या तिनं हातात घेतला ना, तवाच कळला मला. वीस वर्सं लोकांना सांगतोय, हातात धरू नको."

"मग थांबवली का नाही गाडी?"

"थांबवून? मागं नेली असती तरी निम्मा रस्ता होताच. आन पुढं तिची आय होती." त्यांनी एक खड्डा चुकवला. "आरसा तेवढा फिरवला मी. मी बघतोय असं तिला दिसलं असतं, तर तिला हसावं लागलं असतं गो. तेवढा तरी तरास कशाला तिला."

फाटा आला. मी उतरले. दार लावताना सवयीने आत बघितलं. मागे तांब्यातलं पाणी हलत नव्हतं, आणि काचेवरचा तो आरसा अजून छताकडे वळवलेला होता. काकांनी हात वर केला, गिअर टाकला, आणि टॅक्सी नानाच्या अंगठ्याच्या दिशेने निघाली, सायकलवाल्यांना पुढे जाऊ देत.